यादीत कितवा नंबर?

कर्जत-खालापूरकडचं गिऱ्हाईक हल्ली पनवेलच्या शोरूममध्ये येऊन विचारतं, “चार्जिंगवाली हायब्रिड आहे का?” खरं उत्तर ‘नाही’ असं आहे आणि ते द्यायला आपली, विक्रेत्यांची, जीभ रेटत नाही. घरच्या प्लगवर चार्ज होणारी आणि पेट्रोलवरही पळणारी ‘प्लग-इन’ गाडी भारतात आली ती उंची गिऱ्हाइकासाठी: व्होल्वोची एक्ससी९० टी८ २०१६ मध्ये, बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२ च्या अखेरीस. दोन्ही कोटींच्या भाषेतल्या. जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर होता, सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. निव्वळ विजेच्या गाडीला मात्र ५ टक्के. एवढ्या करात स्वस्त प्लग-इन कोण आणणार?

मग आपण यार्डात उभी असलेली माइल्ड हायब्रिड पुढे करतो. तिची मोटर इंजिनाला नुसता हात लावते, एकटी गाडी ओढत नाही. हे बुकिंगची पावती फाडण्याआधी सांगायला हवं.

जिची मोटर एकटीही गाडी ओढते अशी स्ट्राँग हायब्रिड घ्यायची तर वेटिंग आलं. इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या हायब्रिड व्हेरियंटचं बुकिंग कंपनीनेच एप्रिल २०२३ मध्ये थांबवलं, वर्षाने उघडलं आणि मे २०२४ मध्ये पुन्हा बंद केलं. सुटे भाग येईनात, त्याला डीलर काय करणार? पण आलेली गाडी कोणाला द्यायची, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. कडावच्या एका काकांनी मला आपली पावती दाखवली. आठ महिन्यांपूर्वीची. त्यांच्यामागून आलेल्याला गाडी मिळाली होती, कारण त्याने अॅक्सेसरीजचा अख्खा किट आणि शोरूमचाच इन्शुरन्स मुकाट्याने घेतला. काकांना शोरूमवाले फोनवर ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिले. पावतीवर व्हेरियंट, रंग आणि यादीतला नंबर लिहायला शाई किती लागते? कोणी बुकिंग कॅन्सल केलं की पहिला फोन पुढच्या नंबरला जावा. आपल्याकडे नसेल आणि पुण्याच्या डीलरकडे उभी असेल, तर तेही सांगावं. एक कमिशन बुडेल. काकांच्या भावकीत अजून चार गाड्या घ्यायच्या आहेत, हा हिशेब मात्र कोणी करत नाही.

वाट पाहण्याइतकी ती गाडी त्यांच्या कामाची आहे का, हेही आपणच दाखवायचं. त्यासाठी पनवेलच्या सपाट रस्त्यावर डेमो देऊ नका, बोरघाटात न्या. वरून पडणाऱ्या पाण्यावर टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीला वीज केली. हायब्रिड त्याच उतारावर स्वतःच्या वजनातून वीज साठवते. फक्त तिची बॅटरी लहान, दीड युनिटाहूनही कमी. दोन टनांची गाडी पाचशे मीटर उतरते तेव्हा हिशेबाने अडीच युनिटांहून जास्त ऊर्जा सुटते. हवा आणि टायर त्यातली बरीच खातात, तरी खंडाळ्याला बॅटरी अर्धी असेल तर खोपोलीच्या आधीच ती भरू शकते आणि पुढचा उतार इंजिनाच्या ब्रेकवर काढावा लागतो. प्लग-इनची मोठी बॅटरी इथेच कामाला आली असती.

घाटातल्या जुन्या रस्त्याने उतरताना शिंग्रोबाच्या देवळात नाणं टाकायला गाडी थांबवालच. तेव्हा काकांना डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या कांड्या मोजायला सांगा.