डेटनची थोरवी विमानापुरती नाही

विमानाच्या पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले आहे. त्याच्या मूळ काचेचा एक कोपरा मात्र खराब झालेला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहरात, राइट बंधूंच्या घरामागच्या शेडमध्ये ती काच ठेवलेली होती. मार्च १९१३च्या महापुरात ती पाण्याखाली गेली. डेटन म्हटले की सगळे त्या छायाचित्रातल्या विमानाकडे बोट दाखवतात. शहराचे मोठेपण मोजायचे तर मात्र त्या खराब कोपऱ्यापासून सुरुवात करावी, असे मला ठामपणे वाटते.

या शहरात गुणवंतांची वाण कधीच नव्हती. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांनी सायकलच्या दुकानाच्या कमाईवर विमान उभे केले. त्याचे इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या कारागिराने घडवले. ऑर्व्हिलचा शाळासोबती पॉल लॉरेन्स डनबार पुढे नामवंत कवी झाला. १८९० मध्ये त्याने काढलेले वृत्तपत्र राइट बंधूंनीच छापून दिले होते. पण डनबार कृष्णवर्णीय होता. शाळा संपल्यावर त्याच्या वाट्याला आली ती लिफ्ट चालवण्याची नोकरी. एकाच शाळेतल्या दोघांपुढे शहराने दोन वेगळे रस्ते ठेवले. म्हणूनच थोरांची यादी कितीही लांब असली, तरी शहर आपल्या माणसांशी कसे वागले हे तिच्यातून कळत नाही.

ते कळते पुरानंतरच्या दहा वर्षांत. बांध फुटले, शहराच्या मध्यभागी काही ठिकाणी वीस फुटांपर्यंत पाणी चढले आणि ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. लोकांनी माळ्यांवर आणि छपरांवर रात्री काढल्या. पाणी ओसरल्यावर त्यांनी मदतीची वाट पाहण्याऐवजी वर्गणी काढली आणि काही आठवड्यांत २० लाख डॉलर उभे केले. माळ्यावर दिलेली वचने विसरू नका, हीच त्या मोहिमेची घोषणा होती. अभियंता आर्थर मॉर्गन यांच्या आराखड्यानुसार १९२२ पर्यंत पाच धरणे पूर्ण झाली. एरवी ती कोरडी असतात. तळाशी ठरावीक मापाची भोके आहेत. रोजचे पाणी त्यांतून निघून जाते, पुराचे मागे अडते आणि सावकाश उतरते. दरवाजेच नसल्यामुळे ते उघडायचे कधी, हा मध्यरात्रीचा निर्णय कोणावर येत नाही. १९१३च्या पुरापेक्षा चाळीस टक्के जास्त पाणी धरून हा हिशेब केला होता. आजवर शहर त्या धरणांच्या आड सुरक्षित राहिले आहे.

यावर आक्षेप येतात आणि त्यांत तथ्य आहे. पहिला असा, की हा सारा एका धनाढ्याचा खेळ होता. कॅश रजिस्टरचे कारखानदार जॉन पॅटरसन यांनी पुरात आपल्या कारखान्यात होड्या बांधून घेतल्या आणि पुढे मोहिमेचे नेतृत्व केले. पुराच्या महिनाभर आधी मक्तेदारीच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली होती; ती पुढे वरच्या न्यायालयात टिकली नाही. पण धरणे एकाच्या दानावर उभी राहिली नाहीत. १९१४ मध्ये राज्याने कायदा केला आणि ज्याच्या मालमत्तेला जितका लाभ, तितका आकार त्याच्यावर बसला. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: शहर वाचवण्याची किंमत वरच्या अंगाच्या गावांनी का द्यावी? ऑस्बर्न हे अख्खे गाव हलवावे लागले, घरेच्या घरे उचलून नव्या जागी नेली गेली. ते नुकसान खरे होते आणि गावकऱ्यांचा विरोधही रास्त होता. तरीही जमिनींचा मोबदला ठरला, वाद न्यायालयात लढले गेले आणि धरणामागच्या बऱ्याचशा जमिनीवर पुन्हा शेती होऊ लागली. याला निर्दोष न्याय म्हणता येणार नाही. मात्र ओझे कोणावर पडते आहे, हे कोणी झाकून ठेवले नाही.

तिसरा आक्षेप आजचा आहे. कारखाने गेले, कॅश रजिस्टरच्या कंपनीनेही २००९ मध्ये मुख्यालय हलवले. १९६० साली दोन लाख बासष्ट हजारांवर असलेली वस्ती २०२० मध्ये एक लाख सदतीस हजारांवर आली. मग धरणांनी काय वाचवले? त्यांनी रोजगार वाचवला नाही, ते त्यांचे कामही नव्हते. पण भरभराटीच्या दिवसांत सगळ्यांनी मिळून केलेली ही तजवीज पडत्या काळातही, जे मागे राहिले त्यांची घरे कोरडी ठेवते आहे. ज्यांना शहर सोडून जाणे परवडले नाही, त्यांनाही ती तेवढेच संरक्षण देते. डेटनच्या थोरांमध्ये राइट आणि डनबार यांच्या शेजारी मग त्या वर्गणीदारांनाही जागा हवी. त्यांच्या नातवंडांना पूर पाहावा लागला नाही, हेच त्यांचे कर्तृत्व.