‘लिव्हरपूल’च्या तोफा आणि मुंबईचे शिपाई

रास अल खैमाला किंवा शारजाला गेलात की देशाच्या झेंड्याशेजारी त्या अमिरातीचा स्वतःचा झेंडा दिसतो. पांढरी चौकट आणि आत लाल. रोज दिसतो, म्हणून आपण त्याबद्दल कुणाला विचारत नाही. पण त्या पांढऱ्या चौकटीला तारीख आहे, ८ जानेवारी १८२०. त्या दिवशी रास अल खैमात इंग्रजांशी तह झाला आणि त्याच्या तिसऱ्या कलमात इथल्या अरब जहाजांनी कोणतं निशाण लावायचं ते ठरवून दिलं गेलं : लाल, आणि भोवती पांढरी किनार. त्याआधी निशाण नुसतं लाल असायचं. हे पांढरं कुठून आलं, ती गोष्ट एका ब्रिटिश युद्धनौकेची आहे. ती मुंबईहून सुरू होते, म्हणून यंदा आपल्या सदरात तिलाच जागा.

जहाजाचं नाव ‘लिव्हरपूल’. १८१४ साली लंडनजवळ ब्लॅकवॉलच्या गोदीत ते पाण्यात उतरलं. तेव्हा इंग्लंडची अमेरिकेशी लढाई चालू होती, अमेरिकनांच्या मोठ्या फ्रिगेटींना तोंड द्यायला घाईने जहाजं हवी होती, म्हणून ओक सोडून पाइनच्या लाकडावर काम भागवलं. ५० तोफा, त्यातल्या मुख्य डेकवरच्या २४ पौंडी. म्हणजे गोळा सुमारे ११ किलोचा आणि तोफ अडीच टनांच्या घरातली. हे वजन लक्षात ठेवा, पुढे लागेल. (जाता जाता : त्याच काळात मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेली १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. ‘लिव्हरपूल’ आरमारात जेमतेम आठ वर्षं टिकली. आणि ज्यांच्यावर ती चालून गेली, त्या कासिमींच्या होड्याही आपल्याच सागवानाच्या!)

कासिमी, म्हणजे आज शारजा आणि रास अल खैमावर ज्या घराण्याचं राज्य आहे तेच. अठराशेच्या सुमारास होर्मुझच्या तोंडाशी त्यांचं मोठं आरमार होतं. ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणणं, हे चाचे आहेत, आमची जहाजं लुटतात. १८०९ मध्ये मुंबईहून पहिली मोहीम आली, ‘शिफोन’ आणि ‘कॅरोलाइन’ या दोन फ्रिगेटी घेऊन. गाव जाळलं, जहाजं जाळली आणि मोहीम परत गेली. कासिमींनी पुन्हा जहाजं बांधली. दहा वर्षांनी कंपनीने ठरवलं की आता किल्ला म्हणून उभा ठेवायचा नाही.

१८०९ च्या त्या मोहिमेत जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख होता लायोनेल स्मिथ. नाव ओळखीचं वाटलं? फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, तेव्हा समोर हाच स्मिथ होता. १८१९ च्या मोहिमेचा सेनापती सर विल्यम ग्रँट कीर. हा गृहस्थ त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत सावंतवाडीकरांवर चालून गेला होता आणि रेडीचा किल्ला त्याने घेतला होता. तिथून कच्छ, आणि वर्षाखेरीस रास अल खैमा.

मागच्या हिवाळ्यात वेंगुर्ल्याचे मामा आमच्याकडे राहायला आले होते. गाडीतून जाताना त्यांना हे सांगितलं, तर थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “म्हणजे तो थंय पण इल्लो आनि हंय पण?” आल्बर्टा-टेक्सासवाल्या नातेवाइकांना मालवणीची सवय सुटली असेल, त्यांच्यासाठी : तिथेही आला आणि इथेही? हो मामा. पेशवाई नुकतीच बुडाली होती, फौज मोकळी होती, आणि मुंबईच्या गव्हर्नराच्या खुर्चीत १ नोव्हेंबर १८१९ ला येऊन बसले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पुण्याच्या संगमावरचे आपले जुने रेसिडेंट. कीर निघाला तो त्यानंतर दोनच दिवसांनी.

‘लिव्हरपूल’ ताफ्याचं मुख्य जहाज होतं, कप्तान फ्रान्सिस कोलियर. सोबत ‘ईडन’ आणि ‘कर्ल्यू’, कंपनीच्या बॉम्बे मरीनची जहाजं आणि सैन्य वाहणारी गलबतं. फौज सुमारे ३,०००. त्यात गोऱ्या पलटणी होत्या, तशाच बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्याही. जवळजवळ निम्मी माणसं हिंदुस्थानी. मुंबईच्या पलटणींत त्या काळी भरती कोकण आणि देशावरून मोठ्या प्रमाणात व्हायची. मराठे, महार, मुसलमान, बेने इस्राएल, शिवाय परदेशी म्हणून ओळखले जाणारे उत्तरेकडचे. मस्कतचे सय्यद सईद आपली जहाजं घेऊन इंग्रजांना येऊन मिळाले.

३ डिसेंबरला फौज गावाच्या दक्षिणेला उतरली. इथला समुद्र तुम्हाला माहीत आहे, कंबरभर पाण्यात कितीतरी आत चालत जाता येतं. त्यामुळे ‘लिव्हरपूल’सारखं मोठं जहाज किनाऱ्याजवळ येऊच शकत नव्हतं. लांबून मारा फारसा लागेना. जमिनीवर मांडलेल्या १८ पौंडी तोफांनीही तटाला भगदाड पडेना. शेवटी जहाजावरच्या दोन २४ पौंडी तोफा उतरवून वाळूवरून पुढे आणल्या. त्यांनी तट फोडला. ९ डिसेंबरला सकाळी फौज आत शिरली तर गाव रिकामं. लोक रातोरात निघून गेले होते. इंग्रजांकडे ५ ठार, ५२ जखमी. आपली हजार माणसं गेली, असं शेख हसन बिन रहमा यांनी नंतर सांगितलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ही लढाई कशी होती ते समजतं.

त्याहून अवघड प्रसंग पुढचा. रासच्या उत्तरेला रम्स, आणि रम्सच्या आत, खजुराच्या बागांच्या वर एकट्या टेकडीवर धायाचा किल्ला. मामांना आम्ही तिथेच घेऊन गेलो होतो. आता पायऱ्या आहेत, वर पोचायला दहा मिनिटं पुरतात. वरून एका बाजूला हजरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला बागा, खारफुटी आणि समुद्र. रम्समधली आणि आसपासची माणसं शेख हुसेन बिन अली यांच्यासह या टेकडीवर येऊन बसली होती. वर पाणी नाही, सावली नाही. लहान तोफांचा मारा सोसत त्यांनी तीन दिवस काढले. मग पुन्हा ‘लिव्हरपूल’च्या त्याच अडीच टनी तोफा मागवल्या गेल्या, खारफुटीच्या चिखलातून, बागांमधून ओढत. २२ डिसेंबरला सकाळी साडेआठला त्या सुरू झाल्या, साडेदहाला वर पांढरं निशाण चढलं. खाली उतरली ती ३९८ माणसं आणि जवळपास ४०० बायका-मुलं. त्या पुरुषांतले निम्म्याहून कमीच खरे लढवय्ये निघाले. बाकीचे गुराखी आणि बागांत राबणारे. मामा वरच्या बुरुजावर हात टेकवून बराच वेळ उभे होते. रेडीला लहानपणी खेळलेला माणूस, त्याला काय दिसलं असेल ते मी विचारलं नाही.

तहानंतर ताफा किनाऱ्याने खाली आला. जझीरत अल हमरा, उम्म अल कुवैन, अजमान, शारजा, दुबई. तटबंद्या पाडल्या, मोठी जहाजं नष्ट केली आणि एकेका शेखाची सही त्याच तहावर घेतली. एल्फिन्स्टनच्या मुंबई सरकारला कीर फारच मवाळ वागला असं वाटलं. कीरने उलट कळवलं की याहून कडक व्हायचं तर शेखांचा पाठलाग वाळवंटात आतपर्यंत करावा लागला असता. रासमध्ये सुमारे ८०० शिपाई मागे ठेवले होते. जुलै १८२० मध्ये उरलेलं गाव उडवून त्यांना समोरच्या किश्म बेटावर हलवलं, तिथे रोगराईने हाल झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओमानमधल्या बनी बू अलीवर गेलेली तुकडी जवळजवळ कापली गेली. खलित्यांत अधिकारी नावानिशी येतात, शिपाई आकड्यांत. त्या आकड्यांत रत्नागिरी, रायगडची घरं असणार. आपण इथे येतो तेव्हा हातात ऑफर लेटर असतं, त्यांच्या हातात बंदूक होती आणि पगार देणारा तिसराच होता.

आता ‘चाचे’ या शब्दाबद्दल. मराठी माणसाने तरी हा शब्द जपून वापरावा असं माझं मत आहे, कारण मुंबईच्या याच कंपनीने कान्होजी आंग्र्यांनाही हेच म्हटलं होतं. आपण त्यांना सरखेल म्हणतो. आंग्र्यांचं दस्तक नसेल तर जहाज पकडलं जाई. आमच्या समुद्रातून जायचं तर आमचा परवाना घ्या, इतकं ते सरळ होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गात तुळाजींचं आरमार जाळलं, आणि त्यात पेशव्यांची मदत होती. इथे मस्कतची. गंमत म्हणजे १८२० च्या तहाच्या पाचव्या कलमात अरब जहाजांनी नोंदवही आणि शेखाच्या सहीचा कागद जवळ बाळगावा असं आहे. दस्तकच ते, फक्त लिहून घेणारा बदलला.

याचा अर्थ कासिमींनी जहाजं पकडलीच नाहीत असा नव्हे. १८०८ मध्ये ‘मिनर्व्हा’ त्यांनी पकडली होती, हे खरं आहे. पण किती, कोणाची, कोणत्या भांडणातून, आणि कोणाच्या लुटीचं खापर कोणावर, यावर वाद आहे. शारजाचे शासक डॉ. शेख सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९८६ मध्ये यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, नावाचा अर्थच ‘अरब चाचेगिरीचं मिथक’. त्यांचं म्हणणं, व्यापार हातात यावा म्हणून कंपनीने हे चित्र रंगवलं. चार्ल्स डेव्हिस यांचं १९९७ चं पुस्तक एकेक प्रसंग तपासत जातं. दोन्ही वाचण्यासारखी आहेत. शाळेत मुलांना इथला इतिहास शिकवतात तेव्हा घरात एखादं असावं.

शेख सुलतान यांनी आपल्या पुस्तकासाठी जे कागद वाचले, त्यातले पुष्कळ कंपनीच्या मुंबई दप्तरातले. ते आज महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेखागारात आहेत, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. होय, त्याच एल्फिन्स्टनचं नाव. आणि ‘लिव्हरपूल’ही शेवटी मुंबईतच राहिली : एप्रिल १८२२ मध्ये आरमाराने तिला तिथेच विकून टाकलं.