मातीच्या रक्षणाचा खर्च कोणाच्या माथी?

काळ्या रानातील माती वाहून जाऊ नये, यासाठी उताराला आडवी मशागत आणि रुंद वरंबा-सरी पद्धतीचा आग्रह कृषी खाते अनेक वर्षे धरत आले आहे. शेतकरी मात्र ही पद्धत एका हंगामात स्वीकारतो आणि पुढच्या हंगामात सोडून देतो, असा अनुभव वारंवार येतो. याचे खापर त्याच्या अज्ञानावर फोडणे सोपे असले, तरी या तंत्राचा इतिहास वेगळेच सांगतो.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या 'इक्रिसॅट' या संस्थेने दीड मीटर अंतरावरील रुंद वरंब्यांचे तंत्र विकसित केले. जादा पाणी सरीतून सावकाश निघून जाते, धूप घटते आणि पावसाच्या खंडात वरंब्यात ओल टिकते, हे प्रयोगक्षेत्रावर दिसून आले. परंतु त्यासाठी योजलेले बैलांनी ओढायचे चाकांचे अवजार साध्या वखर-तिफणीच्या मानाने फारच महाग होते. प्रयोगक्षेत्रावर नावाजलेले हे अवजार बांधावर पोहोचलेच नाही.

पुढे ट्रॅक्टरचलित 'बीबीएफ' पेरणीयंत्र आले, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकांपैकी अनेकांनी ते आपलेसे केले. अतिवृष्टीत पीक पिवळे पडत नाही आणि बियाणेही कमी लागते, हा लाभ त्याच हंगामात पदरात पडतो.

तरीही ही पद्धत सुटते, त्यास कारणे आहेत. पेरणीयोग्य वाफसा मोजकेच दिवस टिकतो. गावात यंत्र एखादेच असेल, तर त्याची वाट पाहण्यात पेरणी लांबविण्याचा धोका कोणी पत्करत नाही. रब्बीच्या हरभऱ्यासाठी रान सपाट केले, की वरंबे मोडतात आणि त्यांचा दीर्घकालीन फायदा हातचा जातो. बटाईने कसणाऱ्याला तर पुढच्या वर्षी तेच रान मिळेल, याचीही शाश्वती नसते. माती टिकल्याचा लाभ मालकाला, तलावात गाळ कमी साचल्याचा लाभ खालच्या गावांना. कष्ट आणि जोखीम मात्र त्याची एकट्याची.

म्हणूनच किती हेक्टरवर प्रात्यक्षिके झाली, हा यशाचा निकष ठरू नये. अनुदान थांबल्यावर तिसऱ्या वर्षी किती शेतात वरंबे उभे आहेत, हे मोजले पाहिजे. गावोगावी वेळेवर भाड्याने मिळणारी यंत्रे आणि बटाईदाराच्या श्रमाचा मोबदला यांची तरतूद झाली नाही, तर माती राखण्याचे आवाहन कागदावरच राहील.