भालदाराचा भाला खाली टाका

जळगाव-धुळ्याकडं शाळेत गॅदरिंगचा मांडव पडला की वाटणी ठरलेली. राजा पाटलाचं पोर, प्रधान मास्तरांचं पोर, आणि आपला पोरगा भालदार. मीही झालो. नववीत दोन तास भाला धरून उभा होतो, तोंडी एक वाक्य नाही. आज मुंबईच्या गोदीत ओझं उचलताना तो भाला अजून खांद्याला टोचतो.

म्हणे, शाळेतलं नाटक म्हणजे करमणूक, त्यात वस्तीचं रडगाणं नको. अरे, जोतिबांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं ते कशासाठी? जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, शेवटी नवरा-बायको फुल्यांच्या शाळेची वाट धरतात. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. छापून यायला १९७९ उजाडलं. पुढं औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजातल्या पोरांनी म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ खुद्द बाबासाहेबांसमोर केलं. ती काय नुसती करमणूक होती?

तेव्हा हायस्कुलातल्या पोरापोरींनो, नाटक तुमच्या वर्गातच आहे. अडकलेली स्कॉलरशिप, होस्टेलातली पातळ डाळ, मायबाप ऊसतोडीला गेले म्हणून रिकामा पडलेला बाक. बोला अहिराणीत, घरी बोलता तसं. शाळेनं स्टेज नाकारलं तर वस्तीतला ओटा आहे, ट्रॅक्टरची ट्रॉली आहे.

पाटलाचं पोर आलं तर त्यालाही घ्या. पण भालदार कुणालाच करू नका. प्रत्येकाच्या तोंडी वाक्य असलंच पाहिजे.