पटावर राणी नाही

आमच्या नगर जिल्ह्यातल्या कॉलेजात बुद्धिबळाचा पट मुलांच्या खोलीत, कॅरम मुलींच्या. असा लेखी नियम नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाविरुद्ध करायची? मी एकदा पटाशी बसले, तेव्हा ‘तुमची स्पर्धा वेगळी असते’ असे अगदी सौजन्याने सांगण्यात आले.

१९७६ साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. असे करणारी ती पहिलीच स्त्री! केवढा गदारोळ उठला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना द्यावा लागला. १९८१ साली ती आशियाई महिला विजेती झाली.

अडवणूक केवळ स्त्रीचीच होते असे नाही. पंजाबचा सुलतान खान तीनदा ब्रिटिश विजेता झाला, तरी गोऱ्यांच्या लेखी तो एका सरदाराचा नोकरच राहिला. १९६६ साली तो वारला. मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ साली.

(आपल्या पटावर वजीर असतो, युरोपात त्याच सोंगटीला राणी म्हणतात. चाल दोघांची एकच!)

मुलींची स्पर्धा जरूर असावी. पण तिचे निमित्त करून मला खुल्या गटातून वगळू नये. यंदाच्या गॅदरिंगसाठी तसा अर्ज मी दिला आहे. उत्तराची वाट पाहते आहे.