तपासणी घरी यावी, बदनामी नव्हे!

१९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा र. धों. कर्वे यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक प्रश्नांवर शास्त्रीय ज्ञान मिळवण्याचा जनतेचा हक्क बाबासाहेबांनी सोडला नाही. हा वारसा सांगणाऱ्या आपल्या वस्त्यांत मात्र गुप्तरोग म्हटले की आजही माना खाली जातात.

या मौनाची किंमत तरुण मुली मोजतात. क्लॅमिडियाची लागण झालेल्या बहुतेक मुलींना काहीच त्रास जाणवत नाही. उपचाराविना गर्भनलिका निकामी होऊ शकतात आणि पुढे ‘वांझ’ म्हणून टोमणे खाते ती तीच! आपली सरकारी उपचारपद्धती मुख्यतः लक्षणे पाहून औषध देते. ज्यांना लक्षणेच नाहीत, त्यांचे काय? १९८९ साली डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झाली होती फक्त आठ जणींची. दवाखाना स्त्रीपर्यंत पोहोचलाच नव्हता.

इंग्लंडमध्ये २००३ पासून पंचविशीच्या आतील तरुणांसाठी क्लॅमिडिया तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. तिथे टपालाने संच मागवून, घरीच नमुना घेऊन तो प्रयोगशाळेकडे धाडता येतो. हे आपल्याकडे का होऊ नये?

मात्र अटी स्पष्ट हव्यात. नमुन्यावर नाव नको, क्रमांक हवा. निकाल फक्त त्या व्यक्तीलाच कळावा. उपचार मोफत आणि जोडीदारासह व्हावा. नाहीतर लागण पुन्हा होते. आणि ही मोहीम केवळ दलित वस्त्यांत नको, शहरातल्या सोसायट्यांतही हवी. रोगाला जात नसते. पण आपल्या वस्तीवर ‘रोगट’ असा शिक्का मारायला मनुवादी मन टपलेलेच असते.

अठरा वर्षांखालील मुलांचा पेच वेगळा आहे. त्यांचे लैंगिक संबंध कळताच पोलिसांना कळवण्याचे बंधन २०१२ च्या पोक्सो कायद्याने घातले आहे. अत्याचार झालेल्या मुलीला त्याचे संरक्षण हवेच. पण समवयस्कांच्या संमतीच्या संबंधातही पोलीस येणार असतील, तर मुले दवाखान्याची पायरी चढतील कशी? म्हणून सुरुवात अठरा ते पंचवीस वयोगटापासून व्हावी आणि लहानांच्या उपचाराचा मार्ग शासनाने काढावा.

महिला मंडळांनी, विद्यार्थी संघटनांनी ही मागणी घेऊन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना भेटावे. बुद्धविहारात यावर उघड व्याख्याने व्हावीत. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, हे सांगणारा धम्म आपण स्वीकारला आहे. मग कारण शोधायला लाज कसली?