फिजिओथेरपिस्ट ‘डॉक्टर’ आहे की नाही? मानदुखीच्या रुग्णाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे

२०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली. विसर्जनानंतर पेणकडचे मूर्तिकार दरवर्षीप्रमाणे दवाखान्यात येऊ लागले. महिनोन्‌महिने मान खाली घालून रंगकाम आणि डोळ्यांची आखणी केलेली ही मंडळी. तक्रार बहुतेकांची सारखीच असते : “डॉक्टर, मानेतून कळ निघते ती थेट डोळ्यामागे जाते.”

त्याच आठवड्यात, ९ सप्टेंबरला, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचे पत्र आले. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये, असे त्यात म्हटले होते. दुसऱ्याच दिवशी, विषयाचा आणखी विचार करायचा आहे असे सांगून ते मागे घेण्यात आले. त्याआधी फिजिओथेरपीच्या नव्या अभ्यासक्रमात नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावण्याची मुभा दिली गेली होती. यावरून दोन्ही बाजूंनी वाद पेटला. रुग्ण मात्र मला विचारत होते, “मग फिजिओकडे जायचं की नाही?”

माझे उत्तर : जायचे. पण आधी तपासणी करून, आणि नेमके कशासाठी जातो आहोत हे समजून.

मानेचे दुखणे डोक्यात कसे जाते?

मानेच्या वरच्या तीन मणक्यांजवळून निघणाऱ्या नसा आणि चेहरा-कपाळाची संवेदना नेणारी नस, या दोन्हींचे संदेश मेंदूच्या खालच्या भागात एकाच ठिकाणी पोहोचतात. त्यामुळे दुखणे मानेत असले तरी ते कपाळात किंवा डोळ्यामागे जाणवते. अशी डोकेदुखी बहुधा एकाच बाजूला असते, मानेपासून सुरू होते, मान वळवली की वाढते, आणि मान त्या बाजूला पूर्ण वळत नाही. अर्धशिशीतही मान दुखते, म्हणून निदान स्वतःच ठरवू नका.

“एक्स-रेत गॅप आलाय” म्हणून घाबरूही नका. चाळिशीनंतर मणक्यांची झीज अनेकांच्या एक्स-रेत दिसते, अगदी ज्यांची मान कधी दुखली नाही त्यांच्याही.

आधी डॉक्टरकडे कधी?

पुढीलपैकी काहीही असेल तर व्यायाम किंवा मालिश सुरू करू नका, तातडीने दाखवा :

- अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी
- तापासोबत मान आखडणे
- हातापायात अशक्तपणा, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे
- सुपारीच्या झाडावरून, बोटीवर किंवा दुचाकीवरून पडल्यानंतरची मानदुखी
- बोलण्यात अडखळणे, एकाचे दोन दिसणे
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणे

आणि सलूनमध्ये किंवा ओळखीच्या कुणाकडून झटका देऊन मान ‘कडकन’ मोडून घेऊ नका. क्वचित, पण त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो.

फिजिओथेरपीने नेमके काय होते?

ऑस्ट्रेलियात २०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेतून येणाऱ्या डोकेदुखीसाठी सहा आठवडे हाताने केलेले उपचार, ठरावीक व्यायाम किंवा दोन्ही दिले गेले. उपचार न मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांची डोकेदुखी कमी झाली आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. यातले व्यायाम ताकदीचे नव्हते. मानेच्या आतल्या, रोज मान सावरून धरणाऱ्या स्नायूंना हळूहळू कामाला लावणारे होते.

म्हणून फक्त शेक आणि मशीन यावर दहा दिवस घालवू नका. शेकाने बरे वाटते, पण व्यायाम शिकल्याशिवाय दुखणे परत येण्याची शक्यता राहते.

एक साधा व्यायाम : ताठ बसा, नजर समोर. मान न झुकवता हनुवटी सरळ मागे घ्या. ५ सेकंद धरा, सोडा. असे १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा. थोडा ताण चालेल; हातात कळ किंवा मुंग्या आल्या, चक्कर आली तर थांबा.

एक कबुली देतो. एमबीबीएस करताना आम्हाला फिजिओथेरपी फारशी शिकवली गेली नाही. सुरुवातीची काही वर्षे मीही मानेचा पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या लिहून मोकळा होत असे. पट्टा फार दिवस वापरला की मानेची हालचाल आणि ताकद कमी होते. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असे काही महिने घेतल्या, तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते.

मग पाटीवर काय पाहायचे?

‘डॉ.’ आहे की नाही यापेक्षा पदवी आणि नोंदणी पाहा. बीपीटी किंवा एमपीटी ही फिजिओथेरपीची पदवी. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. चार दिवसांचा कोर्स करून मशीन लावणारा फिजिओथेरपिस्ट नव्हे. मग हे तीन प्रश्न विचारा :

१. माझे दुखणे कशामुळे आहे असे तुम्हाला वाटते?
२. घरी मी कोणते व्यायाम करायचे?
३. किती आठवड्यांत फरक दिसला नाही तर डॉक्टरकडे परत जायचे?

मुरूड किंवा श्रीवर्धनच्या वाडीतून रोज एसटीने तालुक्याला येणे परवडत नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. व्यायाम नीट शिकून घेऊन आठवड्यातून एकदा दाखवले तरी अनेकांचे काम भागते. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना फिजिओथेरपीची सोय विचारा. कामही बदला : मूर्ती उंच पाटावर घ्या, मासळीची पाटी डोक्यावर कमी वेळ ठेवा, अर्ध्या तासाने उठा.

पदवीचा वाद दिल्लीत सुटेल तेव्हा सुटेल. रुग्णाच्या दृष्टीने धोका दोन्हीकडे आहे : तपासणीविना मानेला हात लावणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे, आणि फिजिओथेरपीचे नावही न काढता गोळ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याकडे. तुम्हाला दोघेही हवे आहेत, आणि तेही एकमेकांशी बोलणारे.